बदलीच्या तासाला कोण जाणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शाळेत असताना 'ऑफ तास' या दोन शब्दांइतका गोड शब्द आपल्याला दुसरा माहीत नव्हता. गणिताचे सर आले नाहीत, असं कुणीतरी खिडकीतून सांगायचं आणि वर्गात एकच कल्ला व्हायचा. मग पर्यवेक्षक बदली तासांची वही उघडायचे. ज्या शिक्षकाचा तो तास मोकळा, त्याचं नाव वहीत लिहिलं जायचं. शिपाई ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत जायचा आणि चित्रकलेचे सर अर्धा चहा तसाच ठेवून आमच्या वर्गावर यायचे. गणित व्हायचं नाही. 'गप्प बसा, काहीतरी वाचा' एवढंच व्हायचं. आम्ही खूश, सरही खूश.

एका तासाचं हे ठीक आहे. पण सर एक दिवस नाही, चार-सहा महिने येणार नसतील तर? शिक्षिकेची प्रसूती रजा १८० दिवसांची असते. ती तिचा हक्कच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण शाळेच्या वर्षात १८० दिवस म्हणजे निम्मं वर्ष. शिवाय कुणाचं ऑपरेशन होतं, कुणाला अपघात होतो, कुणी निवृत्त होतं आणि जागा भरायला वेळ लागतो. तेवढा काळ चित्रकलेचे सर किती तास बसून काढणार? मग दोन तुकड्या एकत्र बसवल्या जातात. साठ-सत्तर मुलं एका खोलीत. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही आणि सरांना मागचा बाक दिसत नाही.

आज मला या रिकाम्या खुर्चीबद्दल बोलायचं आहे. तिच्यावर थोड्या दिवसांसाठी का होईना, बसू शकेल असं माणूस बहुधा आपल्याच ओळखीत असतं. बी.एड. होऊन घरी बसलेली सून, डी.एड. करून दुकान सांभाळणारा शेजारी, निवृत्तीनंतर वर्तमानपत्र दोनदा वाचणारे गुरुजी. अशा माणसाला 'जा, शिकव' म्हणून कसं तयार करायचं? आणि तसं म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे का? दोन्ही प्रश्न माझ्या घरातच माझ्यापुढे उभे राहिले, म्हणून बोलतो.

२०२४च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गावापासून चौदा किलोमीटरवर एक अनुदानित हायस्कूल आहे. तिथले मुख्याध्यापक माझे जुने स्नेही. त्यांच्या मराठी-इतिहासाच्या बाई ऑगस्टपासून प्रसूती रजेवर जाणार होत्या. नववी आणि दहावीचे तास उघडे पडणार होते. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. सर मला म्हणाले, "कुणी आहे का तुमच्या पाहण्यात?"

माझ्या पाहण्यात माझी भाची होती. मराठी घेऊन बी.ए., नंतर बी.एड. वय तीस. लग्न झालेलं, तीन वर्षांचा मुलगा. नवरा सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात मेंटेनन्सला. पोरगी हुशार, पण टीईटीला दोनदा बसली आणि दोनदा थोडक्यात राहिली. १५० गुणांचा पेपर, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० हवेत. हिला एकदा ८१ मिळाले. तेव्हापासून तिनं पुस्तकांची पेटी माळ्यावर टाकली होती.

मी मोठ्या उत्साहानं गेलो. म्हणालो, "बेटी, मुलांचं नुकसान होतंय. समाजाचं काम आहे. तुझ्या शिक्षणाचं चीज होईल."

ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मामू, समाजाचं काम पगारवाल्यांनी करावं. सहा महिन्यांनी त्या बाई परत येतील, मला म्हणतील या आता. मग मी काय करू?"

मी कवी माणूस. कार्यक्रमांत टाळ्या मिळवणारी चार वाक्यं माझ्याजवळ कायम तयार असतात. पण त्या स्वयंपाकघरात एकही वाक्य चाललं नाही. तिचा प्रश्न खरा होता. घरी परतताना मला जाणवलं, की मी तिला काय करायला सांगतोय हे मलाच नीट माहीत नाही. मग मी चौकशी केली. ती चौकशीच आधी तुमच्यापुढे ठेवतो.

अमेरिकेसारख्या देशात बदली शिक्षकांची वेगळी व्यवस्था असते. नोंदणी केलेल्या माणसांची यादी असते आणि शिक्षक आजारी पडला की त्या यादीतल्या कुणाला तरी बोलावणं जातं. आपल्याकडे अशी यादी नाही. एक-दोन दिवसांची गैरहजेरी शाळेतलेच शिक्षक बदली तास घेऊन निभावतात. बाहेरचा माणूस लागतो तो लांबच्या रजेत. त्यालाही एक नाव नाही. कुठे 'रजा कालावधीतील शिक्षक' म्हणतात. कुठे 'तासिका तत्त्वावर' घेतात, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचेच पैसे. कुठे ठरावीक 'मानधन' असतं. लेकी-सुनांना यातला फरक कुणी सांगत नाही आणि मग पहिल्या महिन्याच्या शेवटी मनस्ताप होतो.

दुसरी गोष्ट पात्रतेची. 'शिकवायला काय लागतं, चांगलं बोलता आलं की झालं' असा आपला समज असतो. तो दिवस गेला. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकाला ठरवून दिलेली किमान पात्रता हवी. म्हणजे डी.एड. किंवा बी.एड. सारखी पदविका-पदवी आणि त्याबरोबर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३पासून सुरू झाली. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, नोकरीतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलं. तेव्हा टीईटी ही टाळता येण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. नववी-दहावीसाठी मात्र त्या विषयातली पदवी आणि बी.एड. लागते. माझ्या भाचीचे तास नववी-दहावीचे होते. तिच्या ८१ गुणांमुळे अडणार नव्हतं. हे मला चौकशीनंतर कळलं, आणि तिलाही माहीत नव्हतं!

तिसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडच्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा कायदा आहे आणि १९८१ची नियमावली आहे. तिच्यात कायम आणि तात्पुरता असे दोन प्रकार स्पष्ट आहेत. ठरावीक मुदतीच्या रिकाम्या जागेवर नेमला जातो तो तात्पुरता. नेमणुकीचा लेखी आदेश देण्याचा नियम आहे. त्या आदेशात जागा कोणती, मुदत किती, हे लिहिलेलं हवं. 'उद्यापासून या, कागदाचं बघू नंतर' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगायचं, की कागद मिळाला की लगेच येते. आणि 'एवढे पैसे भरा, पुढे पक्कं करून देतो' असं कुणी म्हणालं तर चहासुद्धा न घेता उठून यायचं.

चौथी गोष्ट पैशाची. ती लपवून कुणाला प्रोत्साहन देणं म्हणजे फसवणूक. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकानं पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. कित्येक वर्षं हे मानधन प्राथमिकला ६ हजार, माध्यमिकला ८ हजार आणि उच्च माध्यमिकला ९ हजार रुपये एवढंच होतं. जानेवारी २०२३पासून ते १६, १८ आणि २० हजार झालं. २०२३मध्येच जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरतं घ्यायचं ठरलं, तेव्हा महिना २० हजार मानधन ठरवलं होतं. पण ही झाली सरकारनं ठरवलेली रक्कम. रजेच्या जागेवर शाळा स्वतःच्या पैशातून कुणाला घेते, तेव्हा तिला परवडेल तेवढंच देते. आमच्या सरांची संस्था महिना ८ हजार देणार होती. बस्स.

आणि पाचवी गोष्ट, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. सहा महिन्यांनंतर काय? कायम नोकरी 'पवित्र' पोर्टलवरून मिळते. त्यासाठी वेगळी अभियोग्यता परीक्षा असते. टीईटी वेगळी, ही वेगळी. सहा महिने शिकवल्याबद्दल त्या परीक्षेत एकही गुण वाढत नाही. हे मी तिला स्पष्ट सांगायचं ठरवलं.

एवढी माहिती जमवल्यावर माझाच उत्साह थोडा मावळला, हे कबूल करतो. ८ हजार रुपये, सहा महिने आणि पुढे काही नाही. माझी मुलगी असती तर मी तिला जा म्हणालो असतो का? त्या रात्री मला माझे दिवस आठवले.

१९९२ साल. मी नुकताच बी.ए. झालेला. नोकरी नाही. अब्बांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचो आणि बिलांच्या पाठीमागे कविता लिहायचो. नोव्हेंबरात जवळच्या गावातल्या हायस्कूलच्या मराठीच्या सरांना अपघात झाला. पाय मोडला. एक दिवस त्या शाळेचे मुख्याध्यापक सायकलीत हवा भरायला दुकानात आले. बिलाच्या पाठीमागची कविता त्यांनी उभ्याउभ्या वाचली. चांगली आहे की वाईट, काही बोलले नाहीत. पिशवीतून मराठीचं पुस्तक काढलं, माझ्या ग्रीस लागलेल्या हातात दिलं आणि म्हणाले, "सोमवारी नववी ब. तिसरा तास. चौथा धडा राहिलाय."

मी बी.एड. नव्हतो. त्या काळी अशा तात्पुरत्या जागांवर अप्रशिक्षित माणूसही चालून जायचा. पहिल्या दिवशी वर्गात गेलो आणि घाबरून म्हणालो, "मुलांनो, मी तुमचा खरा सर नाही." मागच्या बाकावरून आवाज आला, "मग खोटे का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून पुन्हा ते वाक्य बोललो नाही. मुलांच्या दृष्टीनं जो समोर उभा आहे तोच सर. आदेशावरची मुदत त्यांना दिसत नाही.

मग ६ डिसेंबर आला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईतल्या दंगलीच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्याकडे काही घडलं नाही, पण बाजारातली माणसं एकमेकांकडे पाहायची बंद झाली. शाळा दोन-तीन दिवस बंद होती. मला वाटलं, आपलं काम संपलं. कायमचे शिक्षकसुद्धा नव्हतो मी. मला कोण कशाला बोलावेल, आणि तेही मराठी शिकवायला?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचा शिपाई सायकलवरून घरी आला. निरोप एवढाच होता, "उद्या शाळा भरणार. दहावीचा दुसरा तास तुमचा आहे."

अम्मी म्हणाली, नको जाऊस. अब्बा काहीच बोलले नाहीत. सकाळी उठलो तर त्यांनी माझ्या सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा भरून ठेवली होती.

वर्गात बावन्न मुलं. एरवी हजेरी घेताना गोंधळ असायचा, त्या दिवशी नुसते 'हजर, हजर' असे आवाज. मी धडा वाचायला सुरुवात केली. माझा आवाज मलाच परका वाटत होता. एक पान झालं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि एका शब्दाचा अर्थ विचारला. साधाच शब्द होता. मी अर्थ सांगितला, तिनं वहीत लिहून घेतला. शेजारणीनं तिच्या वहीत बघून लिहिला. मग मागून कुणीतरी दुसरा शब्द विचारला. तास सुरू झाला.

एप्रिलपर्यंत मी शिकवलं. सर परत आले, मी निघालो. ठरलेल्या पैशांपैकी निम्मेच मिळाले, उरलेल्यांसाठी तीन हेलपाटे घातले आणि सोडून दिलं. पुढे नगरपालिकेत कारकून झालो, संसार झाला. पण आज कुणी मला विचारलं, तू मराठीत का लिहितोस, तर मला ती नववी ब आणि ती दहावी आठवते. या भाषेतला एक तास माझ्या नावावर लिहिला गेला होता, तोही अशा दिवसांत. नंतर मला कुणी माझी भाषा कोणती असं विचारलं, तर उत्तर शोधावं लागलं नाही.

आपल्याकडे बदली तासाची परंपरा फार जुनी आहे. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, हे आपण सगळे जाणतो. पुढे १८५६मध्ये सावित्रीबाई आजारी पडल्या आणि नायगावला माहेरी जाऊन राहिल्या. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी तिथून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. आपल्या पाठीमागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भाव त्या पत्रात आहे. मला त्या उल्लेखाचं फार अप्रूप वाटतं. मुख्य बाई आजारी आहेत, कामाचा भार दुसरीवर पडलाय आणि आजारपणातही पहिलीला दुसरीची काळजी आहे. रजेवर गेलेली शिक्षिका आणि तिच्या जागी उभी राहिलेली शिक्षिका यांचं नातं याहून चांगलं कुणी सांगितलेलं मला ठाऊक नाही.

तर दुसऱ्यांदा भाचीकडे गेलो तेव्हा समाजाचं नाव घेतलं नाही. एक कागद घेऊन गेलो. त्यावर तिच्यासमोरच हिशेब मांडला. मानधन ८ हजार. एसटीचं भाडं वजा. २०२३च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ते धरून. डबा, मोबाइल, दोन साध्या साड्या. हाती राहतात साडेसहा हजारांच्या आसपास. मुलाला कोण सांभाळणार? तिची सासू पलीकडे तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मी आहे की. दुपारी तसाही तो झोपतोच." पुढचं काय, हेही सांगितलं. नोकरीची हमी नाही, परीक्षेत गुण वाढणार नाहीत. मग मिळणार काय? रोज चार तास मोठ्यानं मराठी बोलायला मिळेल. माळ्यावरची पेटी खाली येईल. आणि नाही जमलं तर महिन्याभरानं सरांना तसं सांगता येईल, त्यात कमीपणा नाही.

शेवटी मी सरांकडून आणलेलं दहावीचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. म्हणालो, "एक ऑगस्ट, गुरुवार. दहावी अ, पहिला तास." माझ्या मुख्याध्यापकांचीच ती युक्ती. कुणाला 'शिक्षक हो' म्हटलं की त्याला स्वतःतल्या सगळ्या उणिवा दिसायला लागतात. एक वार, एक वर्ग, एक धडा सांगितला की तो मनातल्या मनात धड्याची तयारी करू लागतो.

तिनं पुस्तक उघडून अनुक्रमणिका पाहिली. म्हणाली, "मामू, मला वर्ग आवरला नाही तर?"

या प्रश्नावर 'आवरेल गं' म्हणून चालत नाही. तयारी सांगावी लागते. आम्ही जी केली ती सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, रजेवर जाणाऱ्या बाईंना आधी भेटायचं. भाची जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. कोणता धडा कुठवर आलाय, कोणाला वाचताना अडतं, कोण नुसतंच मान हलवतं, हे बाईंनी तिला सांगितलं. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

दुसरं, कागदपत्रं आधीच जमवायची. पदवी आणि बी.एड.ची गुणपत्रकं, आधार, फोटो, बँकेचं पासबुक. शाळा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागते, तो मागायलाच हवा. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही.

तिसरं, पहिल्या आठवड्यात नावं पाठ करायची. 'ए खिडकीजवळच्या' अशी हाक मारणारा बदलीचा सर मुलं चार दिवसांत ओळखतात. नाव घेऊन हाक मारली की निम्मा वर्ग आवरतो. नाव नीट उच्चारणं हेही त्यात आलं. माझ्या नावाची शाळेत काय-काय रूपं झाली हे मला माहीत असल्यामुळे हा मुद्दा मी तिला जरा जोर देऊन सांगितला.

चौथं, आधीच्या बाईंची पद्धत लगेच मोडायची नाही. वहीला समास कुठे, गृहपाठ कोणत्या वारी, हे तसंच ठेवायचं. मुलांचं आधीच एक माणूस बदललेलं असतं, सगळंच बदललं की ती बिथरतात.

आणि पाचवं, रोज एका वहीत दोन ओळी लिहायच्या. आज काय झालं, काय राहिलं. ही वही बाई परत आल्यावर त्यांच्या हाती द्यायची.

पहिले पंधरा दिवस भाचीचा रोज रात्री फोन यायचा. एकदा रडली. नववीच्या एका मुलानं तिला तोंडावर विचारलं होतं, "बाई, तुम्ही परमनंट नाही ना?" मी तिला 'मग खोटे का' ची गोष्ट सांगितली. ती रडता-रडता हसली. नंतर फोन कमी झाले. मग बंदच झाले. तेव्हा मी समजलो, बाई वर्गात रुळल्या.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दिवाळीच्या महिन्याचं मानधन जवळजवळ दीड महिना उशिरा आलं. डिसेंबरात मुलाला ताप आला तेव्हा तिला रजा मिळाली, पण त्या दिवसांचे पैसे कापले गेले. तिची बाजू घेऊन मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण माझ्या हातात नाही." आपण ज्याला पुढे ढकलतो त्याच्या मागे नंतरही उभं राहावं लागतं. ही जबाबदारी घ्यायची नसेल तर प्रोत्साहन देऊ नये, असं माझं मत झालं आहे.

फेब्रुवारीत बाई परत आल्या. भाचीनं त्यांना वही दिली. दहावीचा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता, उजळणीचा एक फेरा राहिला होता. निरोपाला मुलींनी तिला एक पेन दिलं. घरी आल्यावर दोन दिवस ती गप्प होती. सहा महिन्यांपूर्वी तिनं विचारलेला प्रश्न आता माझ्या मनात होता. मी तिला जिथून उचललं तिथेच आणून ठेवलं का?

तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. पुस्तकांची पेटी माळ्यावर नव्हती, कॉटखाली होती. टीईटीचं पुस्तक उघडं होतं. ती अजून परीक्षेची तयारी करते आहे. तिला नोकरी लागेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. एवढं सांगतो, की शेजारच्या मुली आता तिला नावानं हाक मारत नाहीत, 'बाई' म्हणतात. आणि ती ओ देते.

श्रोतेहो, कायद्यानुसार शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. जागा वेळेवर भराव्यात, मानधन वेळेवर द्यावं, हे आपण सरकारला आणि संस्थांना सांगतच राहिलं पाहिजे. बदलीचा शिक्षक हा कायमच्या शिक्षकाला पर्याय नाही आणि त्याच्या जिवावर कुणी पगार वाचवत असेल तर ते चुकीचंच आहे. पण हे सगळं मार्गी लागेपर्यंत दहावी थांबत नाही. पोरांचं ते वर्ष परत येत नाही.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. त्यांच्याकडे चहाला जाल तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नका. आधी जवळच्या शाळेत जाऊन विचारा, कोणता तास रिकामा आहे, किती दिवसांसाठी, पैसे किती. मग जा आणि वार, वर्ग आणि धडा सांगा. शक्य झालं तर पुस्तक बरोबर न्या.